सात शिट्ट्यांचा कुकर

ताईच्या होणाऱ्या सासरच्या गाडीचं बूस्ट गेज मी आमच्या आईच्या प्रेशर कुकरवर तपासलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेलो, आणि तेही कुठे, तर तपासणी विभागात, जिथे दिवसभर गेजंच तपासायची असतात. या कामासाठी तिथे एक खास यंत्र होतं. डब्याच्या पिशवीत घालून ते गेज कंपनीत नेलं असतं तर चहा संपायच्या आत उत्तर मिळालं असतं. पण मग श्रेय यंत्राला गेलं असतं, आणि मला ते घरातल्या घरात, चार लोकांसमोर हवं होतं.

आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला राहायचो, मानपाडा रोडच्या आत. दोन खोल्या आणि एक गॅलरी. ताईचं लग्न वैशाखातलं ठरलेलं, त्यामुळे घरात माणसांपेक्षा पापडांना जास्त मान होता. खाटेवर पापड, गॅलरीत कुरडया, बाबांच्या आरामखुर्चीवर जुन्या साडीवर पसरलेल्या सांडग्या मिरच्या. बाबा आंबिवलीच्या गिरणीतून पाळी संपवून यायचे आणि आपण बसायचं कुठे हे आईला विचारायचे. आई म्हणायची, "बसताय कशाला, मिरच्या उलटा." जेवायला वरण-भात आणि तुटके पापड, कारण अखंड पापड व्याह्यांचे. त्या दोन महिन्यांत मी इतके तुटके पापड खाल्ले की पूर्ण गोल पापड दिसला तर मला परक्यासारखं वाटायचं.

आमच्या इमारतीत लोकांचा घड्याळापेक्षा कुकरांवर भरवसा होता. शिट्टीवरून कुणाकडे काय शिजतंय, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं भांडण झालंय, सगळं कळायचं. शेजारच्या काकूंकडे तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत व्हायची. आमच्याकडे सात लागायच्या. आमच्या कुकरची मूळ शिट्टी मी शाळेत असताना दोऱ्याला बांधून तिचा लंगर केला होता आणि दुसऱ्यांचे पतंग पाडता पाडता ती टेलिफोनच्या तारेवर कायमची अडकवली होती. मग आईने बोहारणीकडून दोन पँटींच्या बदल्यात एक शिट्टी घेतली. ती कुठल्या तरी दुसऱ्या, लहान कुकरची होती. बसायची बरोबर, वाजायचीही खणखणीत, फक्त जरा लवकर वाजायची. पाणी गरम व्हायचा अवकाश, लागली बोंबलायला. घरात सगळ्यांना याची इतकी सवय झालेली की सात शिट्ट्या ही डाळीचीच प्रकृती आहे असं आम्ही धरून चाललेलो. हे सगळं वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

ताईचं सासर विठ्ठलवाडीचं, मूळ गाव ओतूरकडचं. मुलगा शांत, कामाचा, कमी बोलणारा. तो बोलत नसे कारण त्याच्या वाटचं बोलायला त्याची आई होती. तिला सगळे अक्का म्हणत. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, आणि शकुन-अपशकुनाच्या बाबतीत हायकोर्ट. आमच्याआधी या मुलाचं एक स्थळ अगदी सुपारी फुटण्यापर्यंत आलेलं, पण त्या दिवशी फोडलेला नारळ नासका निघाला आणि अक्का पाटावरून उठल्या. विषय संपला. ही गोष्ट आईला कळल्यापासून ती नारळवाल्याकडे अर्धा अर्धा तास उभी राहून प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघायची. ताई काही बोलायची नाही. पण तिला तो मुलगा मनापासून आवडलेला होता, हे मला ठाऊक होतं, कारण त्याचं नाव निघालं की ती विनाकारण गॅलरीत कुरडया मोजायला जायची.

या घराण्यात सगळ्यात मानाचा माणूस म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ, मुलाचे मामा. बरीच वर्षं मस्कतला काढून आलेले. येताना त्यांनी एक जपानी गाडी आणलेली, डिझेलवर चालणारी, आणि तिला टर्बो होता. आता मुलांना हे सांगून खोटं वाटेल, पण तेव्हा डोंबिवलीत टर्बो हा शब्द ऐकून लोक गॅलरीत येत. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि मग इंजिन आपल्या वयाला न शोभेल असं पळतं. किती हवा कोंबली जातेय ते दाखवायला डॅशबोर्डवर एक छोटं बूस्ट गेज असतं, त्याला एक काटा, हिरवा पट्टा, पुढे लाल पट्टा. मामांचं गाडीवर प्रेम होतंच, पण त्या काट्यावर जास्त होतं.

मानपानाचं बोलायला ते आले तेव्हा खाली गाडीपाशी उभे राहून मला म्हणाले, "काय सांगू इंजिनियर, मस्कतला हा काटा असा उठायचा, सलाम ठोकल्यासारखा. हिरव्याच्या टोकापर्यंत. इथे आला आणि सरकारी नोकर झाला. पाय दाबला की आधी विचार करतो, मग उठतो, आणि अर्ध्यात खाली बसतो."

"आणि गाडी?"

"गाडी पळते रे. गाडीला काय धाड भरलीय? काटा बोंबलतोय."

माझ्यासारख्या तपासणी विभागातल्या माणसाला एवढ्यात सगळं कळायला हवं होतं. आमचे सुपरवायझर पहिल्या दिवसापासून सांगायचे, आधी नळी बघा, मग गेज बघा, इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. मी मामांना म्हणालो, "गेजमध्येच फॉल्ट आहे, मामा. माझ्याकडे सोडा." नळीचं नावही मी काढलं नाही. नळी दुरुस्त करणाऱ्याला कोण विचारतो?

"बघ हं," मामा म्हणाले. "पहिली पत्रिका गावच्या देवीला द्यायची आहे. अक्का म्हणते, मुलीलाही घेऊन जाऊ, ओटी तिच्या हातून भरू. याच गाडीनं जायचंय. माळशेज चढून."

गेज काढायला मी बॉनेट उघडलं. इंजिनापासून गेजपर्यंत हवेचा दाब पोचवणारी एक बारीक रबरी नळी असते. तिच्यावर कुणीतरी काळा दोरा बांधला होता. बांधला म्हणजे आवळला होता, एखाद्याच्या बोटाला साप चावल्यावर बांधतात तसा. देवीचा दोरा, अक्कांनी नजर लागू नये म्हणून आत बांधलेला. मी तो ब्लेडने कापला, डोळ्यांना लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. नळी त्या जागी चिमटून चपटी झालेली. ही जुनाट नळी कशाला परत लावायची, म्हणून मी स्कूटरची पेट्रोलची नवी नळी आणून बसवून टाकली. झालं. काट्याचा आजार तिथेच बरा झाला होता. दबलेल्या नळीतून दाब हळूहळू पोचायचा, म्हणून काटा आळसावायचा. मी रोग मुळासकट उपटला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आता मी औषधोपचार सुरू केला.

दुपारी आई आणि ताई ब्लाउज शिवायला टाकायला गेलेल्या. जाताना आई म्हणाली, "दिन्या, डाळ लाव." मी डाळ लावली. फक्त झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे पितळी तोंड बसवलं, त्याला तांब्याची नळी वेटोळी करून जोडली, आणि टोकाला मामांचं गेज. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की कुकरची शिट्टी उचलते तेव्हा आत साधारण एक किलोचा दाब असतो. कंपनीतलं यंत्र लाखाचं असेल, पण भौतिकशास्त्र तेच. शिट्टी झाली. काटा एकच्या बऱ्याच अलीकडे थांबला. दुसरी शिट्टी झाली, काटा तिथेच. मला घाम फुटला, पण तो आनंदाचा. गेज कमी दाखवत होतं! मी काच काढली, दोन चमच्यांनी काटा अलगद उचलला आणि शिट्टीच्या ऐन क्षणी बरोब्बर एकवर बसवला. खात्रीसाठी आणखी एक शिट्टी घेतली. एक. मी स्वतःशीच टाळी वाजवली आणि गॅस बंद केला.

जेवताना आईने पहिला घास घेतला आणि थांबली. "ही डाळ आहे की छर्रे?"

"तीन शिट्ट्या दिल्या मी."

"तीन? आपल्याला तीन पुरतात का कधी?"

म्हणजे पुरावा अक्षरशः माझ्या ताटात वाढलेला होता. मी त्यावर लिंबू पिळलं आणि तो खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर शीळफाट्यापर्यंत चक्कर मारली. रस्ता सपाट, खड्डे सोडले तर. मामांनी पाय दाबला आणि काटा असा उडाला की लाल पट्ट्यात घुसला. मामांचा चेहरा उतरला. माझा फुलला. "बघा! टर्बो जास्त हवा कोंबतोय. गेज खोटं बोलत होतं म्हणून इतके दिवस कळलं नाही. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर इंजिन गेलं असतं." मला वाटतं माझ्या आवाजात त्या वेळी थोडा ओलावाही होता, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा. टर्बोला आवर घालणारी एक झडप असते, ती एका दांडीने उघडते. शीळफाट्यावर उसाच्या रसाच्या गाडीशेजारी मी त्या दांडीचा नट फिरवला, झडप लवकर उघडेल अशी केली, आणि काटा हिरव्याच्या टोकावर आणून ठेवला. मामांनी मला मिठी मारली. दोन ग्लास रस पाजला. रसवाल्याला म्हणाले, "आमच्या सुनेचा भाऊ. इंजिनियर आहे." थोडक्यात, चांगल्या गेजला मी खोटं बोलायला शिकवलं आणि मग त्याच्या साक्षीवरून निर्दोष टर्बोला शिक्षा ठोठावली.

आता माझं ब्लडप्रेशर मोजायला मुलाने घरी यंत्र आणलंय. वरचा आकडा नेहमी जास्त येतो. मी विचारतो, हे यंत्र कुणी तपासलंय? बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "कुकरवर!"

तर आम्ही निघालो. मामा गाडी चालवायला, शेजारी मी, काट्याचा पालक म्हणून. मागे अक्का, ताई, आणि दोघींच्या मध्ये पितळी डब्यात देवीची ओटी आणि पहिली पत्रिका. डिकीत तांदळाचं पोतं, गुळाची ढेप आणि आईने कानाशी हलवून निवडलेले नारळ. मुरबाडपर्यंत सगळं मजेत. मामा दर थोड्या वेळाने काट्याकडे बघून मान डोलवत होते. टोकावडं मागे पडलं, समोर डोंगर उभा राहिला, आणि गाडी दमली. मामांनी गियर उतरवला. पुन्हा उतरवला. मागून काळा धूर. एका एसटीने हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकलं आणि तिच्या खिडक्यांतून लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं, जसं प्रेताकडे पाहतात. डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेने चढत होती. ती बराच वेळ आमच्या शेजारीच होती. शेवटी तिने काचेतून विचारलं, "करवंदं घेता?" अक्कांनी चालत्या गाडीतून दोन द्रोण घेतले, सुटे पैसेही परत घेतले.

"काटा बघा," मी म्हणालो. "काटा अगदी बरोबर आहे."

"काट्याला काय चाटू?" मामा म्हणाले, आणि वळणावर कडेला गाडी थांबली.

उतरलो. उन्हाचा तडाखा, दरीतून गरम वारा, कठड्यावर दोन माकडं आमच्या करवंदांवर डोळा ठेवून. मामांनी बॉनेट उघडलं. अक्काही आल्या, पदर सावरत वाकून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"दोरा कुठाय?"

मामा माझ्याकडे बघायला लागले.

"मी बांधला व्हता. देवीचा. कुठाय त्यो?"

मी खिशातून दोरा काढला. आता तो दोन तुकड्यांत होता. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या, मग ताईकडे. ताईच्या हातात ओटीचा डबा होता, तो तिने पोटाशी धरला. अक्का हळू आवाजात भावाला म्हणाल्या, "गाडी वळव. देवीच्या मनात नसंल तर आपण कशाला बळजबरी करायची? त्या वक्ताला नारळ, आता ह्ये."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की घाटात गाडी नाही, ताईचं लग्न थांबलंय. मी घाईघाईने बोलत सुटलो. "अक्का, दोऱ्याचा काही संबंध नाही. मी स्वतः गेज तपासलंय. शास्त्रीय पद्धतीने. प्रेशर कुकरवर, शिट्टी उचलते तेव्हा आत बरोबर एक किलो..."

"कुठल्या कुकरवर?" ताई म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं होतं.

"आपल्या."

"आपल्या कुकरवर? दिन्या, गाढवा! त्या बोहारणीच्या शिट्टीवर?"

आत कुठेतरी काहीतरी, आमच्या डाळीसारखं, फार उशिरा शिजायला लागलं होतं.

अक्कांचं लक्ष दोऱ्यावरून उडालं. कितीही झालं तरी त्या स्वयंपाकघराच्या मालकीण होत्या. "का गं? काय झालंय तुमच्या कुकरला?"

"अक्का, आमच्याकडे डाळीला सात शिट्ट्या लागतात."

"सात?" अक्कांनी कमरेवर हात ठेवले. "तुरीच्या?"

"तुरीच्या. मूळ शिट्टी यानं लंगर करून तारेवर अडकवली. आता आहे ती हलकी आहे, दाब भरायच्या आधीच उचलते."

"मंग त्यात एक किलो कुठून येणार?" अक्का म्हणाल्या. "अर्धा-पाऊण आला तरी नशीब."

मामा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज भयंकर शांत होता. "म्हणजे इंजिनियर, तुझा काटा जास्त दाखवतोय. आणि तो जास्त दाखवतोय म्हणून तू माझ्या टर्बोचा गळा दाबलास."

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

मी पाना काढला. दांडीच्या आट्यांवर नट मुळात जिथे होता तिथली खूण तेलकट काळपटात स्वच्छ दिसत होती. नट परत तिथे नेला. मामांनी इंजिन सुरू करून जागेवरच जोर दिला आणि धूर निवळला. मग ते माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "दोरा नक्की कुठे होता रे?"

"नळीवर. गच्च. नळी चपटी झालेली."

मामांनी बहिणीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. दोघांनाही एकदमच कळलं की काट्याला सरकारी नोकर कुणी केलं होतं. मला बोलायची अशी उबळ आली की काय सांगू. सगळा दोष माझा नाही, सुरुवात तिकडून आहे, हे सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ताईने मागून माझा दंड असा चिमटला की त्याची निळी खूण लग्नाच्या फोटोत आहे. मी तोंड मिटलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही फारसं केलं नाही.

"अक्का," मामा मोठ्यांदा म्हणाले, "चूक सगळी या पोराची आहे. देवीचा काही राग नाही."

अक्कांनी दोऱ्याचे तुकडे माझ्या हातातून घेतले, गाठ मारली आणि ओटीच्या डब्याला गुंडाळले. "गाडीला नाय, आता माणसांनाच बांधाय पायजे," असं पुटपुटत त्या आत जाऊन बसल्या.

गाडी निघाली आणि चढाला अशी लागली की करवंदवाली, जी एव्हाना पुढे गेलेली, घाबरून कडेला झाली. काटा अर्थातच सरळ लाल पट्ट्यात. मामांना माहीत असूनही त्यांचा पाय कचरत होता, इतकी वर्षं लालला भ्यायलेला माणूस. मग ताईने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक हिरवी टिकली सोडवली आणि मामांच्या खांद्यावरून हात लांबवून काचेवर, काटा थांबत होता तिथे लावली. "मामा, इथपर्यंत आला की बरोबर समजायचं." मामांनी गाडी विकेपर्यंत ती टिकली तशीच ठेवली. नवं गेज आणून द्यायला माणूस होता, ऐपत होती, पण टिकली राहिली. पुढे सासरी गेल्यावर ताईचं घरात इतकं का ऐकलं जायचं याचं मला कधी कोडं पडलं नाही. मी सुरुवात बघितलेली.

आम्हाला मागे टाकून गेलेल्या एसटीला आम्ही माथ्यावर गाठलं. मामांनी तिला ओलांडताना हॉर्न वाजवला, जरा जास्तच वेळ. देवळात ताईने ओटी भरली, पत्रिका देवीच्या पायाशी ठेवली. अक्का मूर्तीकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या. मग नारळ फोडला. पांढराशुभ्र निघाला. आईचा अर्धा अर्धा तास कामी आला. ताईने डोळे मिटले, आणि मी दंड चोळत बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो.

दुपारी गावच्या घरी पंगत बसली. मासवड्या, झणझणीत रस्सा, बाजरीच्या भाकरी. वासानेच नाकातून पाणी यायला लागलं. भावकीतले लोक जमलेले, आणि मामा त्यांना घाटातली हकिकत तिसऱ्यांदा सांगत होते, दर वेळी माझा कुकर मोठा होत होता. मी खाली मान घालून भाकरी कुस्करत होतो. वाटलं, संपेल कधीतरी. अक्का वाढायला आल्या. ताईच्या ताटात दोन मासवड्या जास्तीच्या टाकल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पोरी, तुझ्या आईला माझा निरोप दे. सून पसंत हाय. फकस्त रुखवतात कुकर ठेवू नका म्हणावं."

सगळे हसले. मीही हसलो, सुटलो असं समजून, आणि रश्श्यासाठी वाटी पुढे केली. अक्कांनी डाव तसाच हवेत धरला आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"आन् ह्यो तुझा भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्यो बी त्या कुकरवानीच हाय. शिट्ट्या लई, शिजत काय न्हाई."